एकोणचाळीसचा रुपया

यूनुसभाईंनी पहिलं नाणं उचललं, तळहातावर एकदा झेललं आणि नीट न बघताच बाजूला ठेवलं. दुसऱ्याचंही तेच. तिसरं तर त्यांनी झेललंही नाही, नुसतं बोटाने सरकवलं. समोर स्टुलावर बसलेल्या अनिल टिपणीसचा जीव प्रत्येक नाण्याबरोबर खाली खाली जात होता.

शारजाच्या जुन्या बाजारातलं हे दुकान खंजीर, अत्तरदाण्या आणि पितळी कंदिलांनी इतकं भरलेलं होतं की गिऱ्हाईकाने हातपाय आवरून बसावं. यूनुसभाई मूळचे भटकळचे. साठी उलटलेली, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि बोलण्यात घाई म्हणून नाही. सहावं नाणंही सरकवून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"साब, ये मोटी अम्मा के नीचे जो साल लिखा है ना, उसपे मत जाओ."

नाण्यांवर ऑस्ट्रियाची एक गुबगुबीत राणी होती आणि तिच्याबरोबर १७८० हे साल. गेले तीन महिने अनिल या सालाच्या जिवावर जगत होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची चांदी म्हणजे काय थट्टा आहे का? यूनुसभाईंनी ती सव्वादोनशे वर्षं एका फुंकरीत उडवली. राणी त्या साली वारली. पण इकडच्या व्यापाऱ्यांचा त्या चेहऱ्यावर इतका विश्वास बसला होता, की पुढे नाणी पाडणाऱ्यांनी ना चेहरा बदलला ना साल. मोती, खजूर, कॉफी, सगळं या बाईच्या साक्षीने विकलं गेलं. यूनुसभाईंच्या वडिलांच्या उमेदीतही ती नाणी पाडली जात होती आणि तेव्हाही त्यांच्यावर १७८०च होतं. आता चांदीच्या भावाने एकाचे तीस दिरहम मिळतील, आणि चांदी तर यंदा सगळ्यांबरोबरच आपटलेली.

"तीस," अनिल म्हणाला आणि सवयीने पुढे मोठ्याने म्हणाला, "म्हणजे चारशे रुपये."

आखातात आलेला मराठी माणूस अरबी शिको न शिको, तेराचा पाढा मात्र पक्का शिकतो. भाजीवाल्यासमोर, दवाखान्यात, सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत त्याचा गुणाकार चालू असतो, आणि उत्तर आलं की तो थोडा दुःखी होतो. अनिलही झाला. पण फार नाही. कारण खरं सांगायचं तर तो या सहा बायांसाठी आलाच नव्हता. सातवं नाणं अजून त्याच्या शर्टाच्या खिशात होतं.

अनिल टिपणीस हा प्लॅनिंग इंजिनियर. म्हणजे इमारतीचा जो मजला अजून हवेत आहे तो कुठल्या आठवड्यात भरायचा, हे तक्ते करून सांगणारा माणूस. मुलुंडहून आला तेव्हा लेक अस्मी कडेवर होती, आता ती बारावीला होती. ऑफिस जबल अलीला आणि घर उम्म अल कुवैनला. भाडं कमी म्हणून इतक्या लांब राहायचं आणि वाचलेल्या भाड्यातलं अर्धं पेट्रोलमध्ये घालायचं, हा हिशेब त्याने स्वतःच्या बाबतीत कधी तक्त्यावर मांडला नाही. पण घरापासून समुद्र जवळ होता आणि तेवढ्यावर तो खूश होता.

कंपनीतला एक स्कॉटिश सेफ्टी ऑफिसर घरी परत जाताना आपलं सामान विकत होता. सगळ्यांनी त्याचा टीव्ही घेतला, सोफा घेतला. अनिलने घेतला मेटल डिटेक्टर. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. तेव्हापासून दर शुक्रवारी पहाटे हा माणूस खाडीच्या काठाने वाळूवरून ती थाळी फिरवत चालायचा. शेजारच्या पठाणीणबाईंनी त्याच्या बायकोला, कुंदाला, फार काळजीने विचारलं होतं, की भाईसाब बीच पे झाडू क्यूं लगाते हैं. कुंदाने ते महिनाभर सगळ्यांना सांगितलं. सापडायचं काय, तर कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या, जाळ्यांची शिसं, क्वचित कुणाची तरी किल्ली. तरी दुपारी जेवताना तो त्या कड्यांचं वर्णन असं करायचा की अस्मी म्हणायची, "बाबा, इट्स लिटरली गार्बेज."

मग ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी, दोन दिवस जोराचा शमाल वारा वाहून गेल्यावर, खाडीच्या तोंडाशी खरवडून निघालेल्या जागेत हेडफोनमध्ये वेगळाच सूर लागला. हातभर खाली एक काळाकुट्ट गोळा होता. घरी आणून पाण्यात भिजत टाकला तेव्हा त्याचे एकेक करून सात तुकडे सुटले. सातही नाणी.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दिवाळीचं लक्ष्मीपूजन. आता, समुद्रातून आपल्या पायांनी चालून घरी आलेली चांदी, आणि तीही लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर. कुठल्या मराठी घरात ती तशीच राहील? कुंदाने स्वच्छ सांगितलं, "ही घरी आलेली लक्ष्मी. तिला काय अशी काळ्या तोंडाने चौरंगावर बसवू?" तिने रात्रभर नाणी चिंचेच्या कोळात घातली, सकाळी टूथ पावडर आणि जुना ब्रश घेऊन बसली आणि समया, निरांजनं, अत्तरदाणी यांच्याबरोबर सातही नाणी अशी घासली की त्यांच्यात ट्यूबलाइट दिसावी. अनिल ऑफिसमधून आला आणि दारातच थांबला. त्याला फार बरं वाटलं. घरात काहीतरी चकाकत होतं.

सहा नाणी राणीची आणि सातवा आपला रुपया, राजाच्या डोक्याचा. आपल्या रुपयावर इकडचा बाजार कित्येक वर्षं चालत होता, हे अनिलला ठाऊक होतं. त्यामुळे त्या रुपयाचं त्याला जास्त कौतुक. त्याच्यावरचं साल मात्र नीट वाचता येईना. १९३ आणि पुढे काळ्या मातीने भरलेला एक वेटोळा आकडा. कुंदा म्हणाली आठ. अनिल म्हणाला नऊ. पैज लागली. जो हरेल त्याने दुसऱ्याला आपल्या वाटणीचा अनारसा द्यायचा. अनिलने टाचणी घेतली, तिच्या टोकाला टूथ पावडर लावली आणि जीभ दातांत धरून तो आकडा कोरकोरून स्वच्छ केला. अस्मीने मोबाइलचा उजेड धरला होता. काळं सगळं निघालं आणि खाली लख्ख नऊ निघाला. अनिलने कुंदाचा अनारसा तिच्यासमोर, तिला दाखवत दाखवत खाल्ला. सात नाण्यांना हळदकुंकू वाहिलं गेलं. त्या घरातली ती शेवटची आनंदाची संध्याकाळ होती, हे तिघांपैकी कुणालाही कळायचं कारण नव्हतं.

कारण तिकडे अमेरिकेत बँका बसल्या होत्या आणि त्याचा धूर इकडे पोचायला थोडाच वेळ उरला होता. नोव्हेंबरपासून हवेतले मजले हवेतच राहायला लागले. क्रेन जागच्या जागी थांबल्या. डिसेंबरात अनिलच्या मजल्यावरची खुर्च्यांची एक रांग रिकामी झाली. जानेवारीच्या सुरुवातीला त्याला बोलावणं आलं. एचआरची फिलिपिनो मुलगी पत्र देताना स्वतःच रडायला लागली आणि अनिलने तिला टिश्यू पेपर दिला. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा कुंदाला हसावं की रडावं कळेना.

व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. बायकोमुलीचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला, तो पडला की सगळेच पडतात. आणि अस्मीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. आता शाळा बदलणं शक्य नव्हतं. शाळेने एवढंच सांगितलं, की मुलगी इथे असली तर परीक्षेला बसेल.

कुंदाचा एकच हट्ट होता. परीक्षा होईपर्यंत तिघांनी एका घरात राहायचं. पुढे मुलुंडला मीठभाकर खाऊ, पण मार्चपर्यंत इथे. हा हट्ट उगाच नव्हता. दहावीला पेपर सुरू झाल्यावर अस्मी जेवणाला शिवायची नाही. एका पेपरला तर शाळेत चक्कर येऊन पडली. मग कुंदा वाटी घेऊन तिच्या मागे मागे फिरायची, आणि ती पोरगी पुस्तकातली नजर न काढता तोंड उघडायची. असं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला भरवणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पण तशी ती पास झाली होती, चांगल्या मार्कांनी.

तिघांनी मार्चपर्यंत राहायचं तर तिघांचे व्हिजिट व्हिसा, घरमालकाला पुढचा चेक, गाडी, वीज, खाणंपिणं. कंपनीने हातावर ठेवलेलं सगळं गाडीच्या आणि क्रेडिट कार्डाच्या बँकेने आधीच ओढून घेतलं होतं. अनिल रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि फोन करायचा. ज्यांना फोन करायचा तेही आपापल्या टेबलाशी तसेच बसलेले असायचे.

अशात एका दुपारी अस्मी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. "बाबा, तो रुपया. नाइन्टीन थर्टीनाइन, राइट? इट्स लाइक क्रेझी रेअर." त्या सालचे रुपये मुंबईच्या टांकसाळीतून फार थोडे बाहेर पडले होते. लिलावात त्यांचा आकडा असा होता, की अनिलने तो आधी रुपयांत वाचला, मग उलटा भागाकार करून दिरहममध्ये वाचला, मग पुन्हा रुपयांत. मार्चपर्यंतचा खर्च आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवले तर जवळजवळ जुळत होते. कुंदाने देवापुढे साखर ठेवली. "मी म्हटलं नव्हतं, लक्ष्मी आहे म्हणून?" तिने कितीतरी दिवसांनी पोह्यांवर खोबरं पेरलं.

तर तो रुपया आता अनिलने खिशातून काढून यूनुसभाईंच्या हिरव्या कापडावर ठेवला.

या वेळी यूनुसभाईंनी चष्मा खाली घेतला. मग भिंग घेतलं. मग उठून दुकानाच्या दाराशी, उजेडात गेले. अनिलला त्यांची फक्त पाठ दिसत होती. परत आले तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला आणि मग विचारलं, की हा कुठून मिळाला. आजीकडून, अनिल म्हणाला. यूनुसभाईंनी मान डोलावली आणि टेबलाच्या कडेवर राणीचं एक नाणं उपडं आपटलं. इतकं घासूनही तिच्या केसांच्या वळणात राहिलेले वाळूचे चार कण पडले. जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारला दाखवायची असते, म्हणून तुम्ही मला काही सांगू नका आणि मी काही ऐकलं नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी रुपया पुन्हा बोटांत धरला.

"साब, माल असली है. चालीस साल से हाथ में ले रहा हूं, मेरा हाथ पहचानता है. मगर इसको घिसा किसने?"

अनिलने सांगितलं. सण होता, घरात चांदी घासतात.

यूनुसभाईंनी त्याला समजावून सांगितलं, आणि ते ज्या हळू आवाजात सांगितलं त्यानेच अनिल घाबरला. या सालचा रुपया दुर्मीळ, त्याच्या आदल्या सालचा त्या मानाने कितीतरी सहज मिळणारा. म्हणून लबाड लोक आठाचा नऊ करतात. आठाची खालची कडी टाचणीने कोरून उघडायची, की झाला नऊ. त्यामुळे या रुपयाकडे बघणारा पहिल्यांदा शेवटच्या आकड्याकडेच बघतो. त्या आकड्याच्या खाचेत जुना काळा थर असेल तर कुणी हात लावलेला नाही हे शेंबडं पोरही सांगेल. इथे नेमका तिथलाच थर खरवडून काढलेला होता, आणि टाचणीचे ओरखडे भिंगाखाली लख्ख दिसत होते.

"वो काला ही इसका गवाह था," यूनुसभाई म्हणाले. "आपने गवाह को ही धो डाला."

अनिलने चहाचा पेला खाली ठेवला. परदेशात पाठवून तपासून घेता येईल का, त्याने विचारलं. येईल. महिने लागतील, पैसे लागतील, आणि तेही बहुतेक हेच लिहून देतील, की आकड्याशी छेडछाड झालेली दिसते. अनिलकडे महिने नव्हते. मग यूनुसभाईंनी स्वतःच एक नाव सांगितलं. राजन म्हणून एक मल्याळी शेठ आहेत, जबल अलीला त्यांची गोदामं आहेत, या राजाच्या रुपयांचे शौकीन आहेत. माणूस सरळ आहे. जाऊन बघा, मी फोन करतो. सहा राण्यांचे पैसे त्यांनी रोख दिले आणि वर वीस दिरहम जास्त ठेवले. अनिलने ते वीस परत केले आणि बाहेर पडल्यावर आपण हे का केलं म्हणून स्वतःवरच चिडला.

जबल अलीचा रस्ता त्याच्या पायाखालचा. इतकी वर्षं तो या रस्त्याने गळ्यात ओळखपत्र अडकवून गेला होता. आज गाडी बँकेने नेलेली, त्यामुळे बस, मग दुसरी बस, मग गोदामांच्या मधून भर उन्हात चालत. फाटकावरच्या नेपाळी पहारेकऱ्याने त्याला कुणाकडे काम आहे विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अनिलला आपण कोण म्हणून सांगायचं हे सुचेना.

राजन शेठ खरोखरच सरळ माणूस निघाला. पांढरा शर्ट, कपाळावर चंदनाची बारीक रेघ, बोलणं मऊ. त्याने कपाटातून एक मखमली ट्रे काढला. गोल खाचांमध्ये सहाव्या जॉर्जचे रुपये ओळीने बसवलेले होते, प्रत्येकाखाली सालाची चिठ्ठी. एक खाच रिकामी होती. तिच्याखाली १९३९ची चिठ्ठी मात्र आधीच लावून ठेवलेली होती. ती खाच बघून अनिलला इतकी आशा वाटली की त्याने खुर्चीची कड घट्ट धरली.

राजन शेठने रुपया सूक्ष्मदर्शकाखाली धरला. फार वेळ बघितलं. मग डोळा काढून तो म्हणाला, "मिस्टर अनिल, इस नाइन के ऊपर किसीने काम किया है."

आणि आमच्या या भल्या माणसाने ताबडतोब सांगून टाकलं, "हां, मैंनेही किया. पिन से."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तिथे खरं बोलतो. अनिल सांगत सुटला. दिवाळी, चौरंग, चिंचेचा कोळ, आठ की नऊ याची पैज, अनारसा. अनारशाला हिंदीत काय म्हणतात ते त्याला येईना, तेव्हा त्याने हाताने गोल करून दाखवलं. जसजसा तो सांगत गेला तसतसं त्याला स्वतःलाच ऐकू यायला लागलं, की हे सगळं एखाद्या लबाडाने रचलेल्या गोष्टीसारखं आहे. नोकरी गेलेला माणूस, दुर्मीळ नाणं, नेमका त्याच आकड्यावर टाचणीचा ओरखडा, आणि वर बायको आणि सण. पण थांबावं कसं तेही त्याला समजत नव्हतं. शेवटी तो आपोआपच थांबला.

राजन शेठने रुपया त्या रिकाम्या खाचेत घातला नाही. टेबलावरून अलगद त्याच्याकडे सरकवला. "आप फॅमिलीवाला आदमी लगता है. इसको और किसीको मत दिखाना. कोई पुलिस को बोल देगा, तो ऐसे टाइम में प्रॉब्लेम हो जाएगा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कीव होती. गाडी शारजाकडे जातेय, सोडू का, असंही त्याने विचारलं. अनिलने नको म्हटलं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. आयुष्यात त्याने कंपनीला एक खोटं बिल लावलं नव्हतं. पेट्रोलची पावती हरवली तर ते पैसे सोडून दिले होते. खिशातला रुपया खरा होता, आणि तो खरा आहे हे सांगण्यासारखं त्याच्याजवळ आता काहीच नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि बाजूला एक तरणा पाकिस्तानी मिस्त्री झोपून त्याच्या अंगावर कलंडत होता, म्हणून तो रडला नाही.

घर जवळ यायला लागलं तशी त्याला दुसरीच भीती वाटायला लागली. टाचणी त्याची होती, पण चिंच आणि ब्रश कुंदाचा होता. हे जर तिला कळलं तर ती त्याच्या टाचणीचं नावही काढणार नाही. मीच घासली, मीच घालवली, असं म्हणत ती उरलेला जन्म काढेल. मुलीला भाजी वाढताना म्हणेल, देवापुढे दिवा लावताना म्हणेल. तिचा स्वभाव तो पुरता ओळखून होता.

कुंदा हॉलमध्ये भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, आणि तरी निम्मं सामान तिने अजून फळीवरच ठेवलं होतं. काय झालं असं तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं.

"नकली आहे," अनिल म्हणाला. "कुणीतरी मुळातच आठाचा नऊ केलेला. जुनी लबाडी आहे."

अस्मीने कानातली वायर काढली. "बट बाबा, द वेबसाइट सेड—"

"खलास, अस्मी."

तो असं कधी बोलत नसे. कुंदा हातातल्या कढईकडे बघत राहिली, मग तिने ती गुंडाळली, मग फळीवरचं उरलेलं सामान एकेक करून खाली काढायला लागली. संध्याकाळी अनिल गॅलरीत वाळलेले कपडे काढत असताना अस्मी येऊन शेजारी उभी राहिली. खालच्या आवाजात म्हणाली, "आय रेड अबाउट क्लीनिंग. यू आर नॉट सपोज्ड टू." त्याने चिमटे डब्यात टाकले. "आईला सांगू नकोस," तो म्हणाला. तिने हो म्हणून मान हलवली आणि त्याच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं.

शारजात शैलेंद्र आणि सुचित्रा म्हणून त्यांचे जुने स्नेही होते. शैलेंद्रची नोकरी अजून टिकून होती. त्याने खटपट करून अस्मीचा व्हिजिट व्हिसा काढला. तिने त्यांच्याकडे राहून परीक्षा द्यायची आणि मग मुंबईला यायचं, असं ठरलं. दुसरं काही ठरण्यासारखं उरलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी तिघं सुचित्राकडे गेली. हॉलमध्ये सोफ्यामागे अस्मीसाठी गादी घातली होती, खिडकीशी एक लहान टेबल. सुचित्राने स्वतःहून सगळं दाखवलं, अगदी चार्जर कुठे लावायचा तेसुद्धा. कुंदा तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दहीभात कसा लागतो, मिरची चालत नाही, समोर उभं राहिलं तरच खाते, असं काही काही सांगत राहिली. सांगताना तिचा आवाज फार साधा होता. भरवावं लागतं, हे मात्र तिच्याने सांगवलं नाही. दुसऱ्या घरच्या बाईला ते कसं सांगायचं.

बाहेर आल्यावर तिने पर्समधून एक पुडी काढली. आत तो रुपया होता. "नकली असला तरी आपल्या चौरंगावर बसलाय," ती अस्मीला म्हणाली. "पेपरला जाताना जवळ ठेव. हरवला तरी काही नाही, किमतीचा नाही तो."

अनिलचा हात अर्धवट वर आला. निदान वेगळा ठेव, वेगळ्या पिशवीत ठेव, एवढं तरी त्याला म्हणायचं होतं. अस्मीने बापाकडे पाहिलं नाही. आईच्या हातातून रुपया घेतला, पाउचमध्ये कॅन्टीनसाठी ठेवलेल्या सुट्ट्या दिरहमांत टाकला आणि चेन लावली. मग ती कुंदाच्या गळ्यात पडली आणि दोघी बराच वेळ तशाच राहिल्या. शैलेंद्र खाली गाडी काढायला गेला.

विमान दुपारचं होतं. पासपोर्टवर व्हिसा रद्द झाल्याचा शिक्का बसला, सामानाचं वजन झालं, सगळं विनाविघ्न झालं. उलट काहीतरी अडावं असं त्या दोघांनाही वाटत होतं. विमान सुटल्यावर खाली वाळू दिसली, मग समुद्र. कुंदाने खिडकीची झडप खाली ओढली.

"अहो, एक विचारू? खरं सांगा."

"काय?"

"मी घासला म्हणून गेला का तो? त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं, तुम्ही नकली म्हणालात तेव्हा. मी घासला नसता तर आपण तिच्याजवळ राहिलो असतो का?"

अनिलने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती.

"नाही ग," तो म्हणाला. "नकलीच होता. तू घासलास म्हणून तर कळलं. नाहीतर उगाच फसलो असतो."

"नक्की?"

"नक्की."

कुंदाने मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. मग तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं आणि थोड्याच वेळात तिला झोप लागली. हवाईसुंदरीने जेवणाचा ट्रे आणला. अनिलने मानेनेच नको म्हटलं, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या तरी मुंबई येईपर्यंत तो हात हलवला नाही.